निओह: तलवारीआधी दम सांभाळा

धाकट्या भावाच्या हातात कंट्रोलर देऊन मी शेजारी बसलो होतो. पडद्यावर निओह हा गेम: जपानच्या क्यूशू बेटाचा किनारा, जळकं गाव, आणि वाटेत उभा एक साधा सैनिक. भावाने धावत जाऊन चौकोनाचं बटण सटासट दाबलं. सैनिकाने पहिले वार अडवले, गेमचा नायक विल्यम धापा टाकत जागीच उभा राहिला, आणि पुढच्या घावात आडवा झाला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी भाऊ कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला, "दादा, मारतोय तो नाही रे. याचा दम तुटतोय."

भाऊ शाळेत असताना कबड्डी खेळायचा. निओहबद्दल मी इतकं वाचलं आणि पाहिलं होतं, पण हा गेम इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता. चढाईला जाणारा मध्यरेषा ओलांडतो तेव्हा त्याच्याकडे एकच श्वास असतो. त्या श्वासात गडी टिपायचा आणि त्याच श्वासात परत यायचं. टिपण्यातच सगळा दम खर्च केला तर परतीला काही उरत नाही, आणि समोरचे वाटच बघत असतात. निओहमधली प्रत्येक झटापट अशी एक चढाई आहे. हे एकदा अंगात मुरलं की बाकीच्या गोष्टी, म्हणजे शस्त्रं, चिलखतं, मंत्र, भुतं, एकेक करून जागेवर बसतात. ते मुरलं नाही तर कितीही भारी तलवार घ्या, किनाऱ्यावरचा तो सैनिक तुम्हाला पाडतच राहणार.

हा लेख पहिल्यांदाच निओह खेळणाऱ्यांसाठी आहे. टीम निंजा या जपानी स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संगणकावर. दुसरा भाग २०२० चा. मी इथे पहिल्या भागाबद्दलच बोलणार आहे, कारण मुळाक्षरं तिथे आहेत. बटणांची नावं प्लेस्टेशनची देतोय: चौकोन म्हणजे हलका वार, त्रिकोण म्हणजे जड वार, फुली म्हणजे निसटणं, एल-वन म्हणजे अडवणं. आर-वन हे बटण मात्र आत्ताच लक्षात ठेवा, त्याच्यावर सगळा गेम उभा आहे.

थोडं कथेबद्दल, कारण ती जाणून घेण्यासारखी आहे. नायक विल्यम अ‍ॅडम्स हा खरोखर होऊन गेलेला माणूस. १५६४ साली इंग्लंडच्या केंट परगण्यात जन्मलेला खलाशी. १५९८ मध्ये हॉलंडहून पाच जहाजांचा ताफा पूर्वेकडे निघाला, त्यातलं 'लीफ्डे' हे एकच जहाज एप्रिल १६०० मध्ये जपानला लागलं, आणि त्यावरच्या मूठभर वाचलेल्यांत अ‍ॅडम्स होता. पुढे जपानचा शोगुन, म्हणजे सर्वोच्च सत्ताधीश, झालेल्या तोकुगावा इएयासूने त्याला पदरी ठेवलं. जपानी लोक त्याला मिउरा आन्जिन म्हणू लागले. आन्जिन म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. १६२० मध्ये हिरादोला तो वारला. गेम या इतिहासात भुतंखेतं मिसळतो. एडवर्ड केली हा किमयागार जपानमध्ये 'अम्रिता' नावाचे शक्तीचे खडे गोळा करायला येतो आणि विल्यम त्याच्या मागावर. अम्रिता म्हणजे आपलं अमृतच, शब्द थेट संस्कृतातला. इएयासूने जिंकलेली सेकिगाहाराची लढाई, त्याच्या पदरचा हात्तोरी हान्झो, खुद्द इएयासू हे सगळे वाटेत भेटतात.

गेमच्या नावातही एक धागा आपल्यापर्यंत येतो. निओ म्हणजे जपानी बौद्ध मंदिरांच्या दारात उभे असलेले दोन उग्र द्वारपाल. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या महाद्वारात त्यांच्या आठ मीटरहून उंच लाकडी मूर्ती आहेत, १२०३ सालच्या. हे निओ म्हणजे वज्रपाणीची रूपं मानली जातात, तोच वज्रपाणी ज्याचं चित्र अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला दाखवलं जातं. दोन निओंपैकी एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याचं मिटलेलं. एक 'अ' म्हणतोय, दुसरा 'हूं'. जपानीत त्याचं झालं 'आ' आणि 'उन'. दोन माणसांचं न बोलता जमतं तेव्हा जपानी लोक त्याला 'आ-उनचा श्वास' म्हणतात. ज्या गेममध्ये सगळं श्वासावर चालतं त्याला या द्वारपालांचं नाव असावं, हे मला फार आवडतं.

दम म्हणजे काय, आणि तो परत कसा मिळवायचा

पडद्यावर डावीकडे वर दोन पट्ट्या दिसतात. एक जीवाची. तिच्याखालची दमाची. जपानीत या दुसऱ्या गोष्टीला 'की' म्हणतात, पण मराठी वाक्यात तो शब्द घोटाळा करतो, म्हणून मी दमच म्हणेन. वार केला की दम खर्च होतो. निसटलं की होतो. धावलं की होतो. शत्रूचा घाव अडवला तरी होतो, आणि घाव जितका जड तितका जास्त. पट्टी रिकामी झाली की विल्यम वाकून धापा टाकतो. त्या क्षणी त्याला अडवता येत नाही, निसटता येत नाही, काहीच करता येत नाही. नवखे खेळाडू मरतात ते बहुतांशी याच क्षणी.

दम आपोआप भरतो, पण सावकाश. निओहची कमाल पुढे आहे. वार संपला की विल्यमच्या भोवती निळसर प्रकाशाचे कण उमटतात आणि त्याच्या अंगाकडे गोळा होत जातात. ते नेमके गोळा झाले की आर-वन दाबायचं. खर्च झालेल्या दमाचा मोठा भाग झटक्यात परत येतो. घाईने लवकर दाबलं तर थोडाच येतो. उशीर झाला तर काही नाही. इंग्रजी आवृत्तीत याला 'की पल्स' असं रूक्ष नाव आहे. जपानी आवृत्तीत याचं नाव 'झान्शिन', आणि तो शब्द नीट समजून घ्यावा असा आहे. झान्शिन म्हणजे मागे उरलेलं, जागं राहिलेलं चित्त. केन्दो या जपानी तलवारविद्येत वार बरोबर लागला तरी त्यानंतर खेळाडूचं भान सुटलं असेल, पवित्रा ढिला पडला असेल, तर तो गुण धरत नाहीत. वार झाल्यानंतरचा क्षणही वाराचाच भाग असतो.

गेमने तोच विचार एका बटणात उतरवला आहे. मारलं आणि मोकळा झालो, असं इथे चालत नाही. मारलं, भान ठेवलं, आर-वन दाबलं, मग वार पूर्ण झाला. भावाला मी पहिला सराव हाच दिला: समोर शत्रू नसताना रिकाम्या हवेत दोन वार, झान्शिन. दोन वार, झान्शिन. सुरुवातीला बोटं ऐकत नाहीत. अर्ध्या तासाने ते विचार न करता व्हायला लागतं. हा अर्धा तास कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. पुढच्या पन्नास तासांची मजा त्यावर अवलंबून आहे.

वार किती करायचे? सुरुवातीला दोन. तिसऱ्याचा मोह होतो, कारण शत्रू कोलमडलेला दिसतो. पण पट्टीकडे बघा. निसटण्यापुरता दम शिल्लक आहे का? नसेल तर तिसरा वार नको. चढाईपटू मध्यरेषेपर्यंतचं अंतर मनात धरूनच हात लांबवतो, तसंच.

आता हाच नियम उलटा करून बघा. शत्रूलाही दम आहे. त्याच्या डोक्यावरच्या जीवाच्या पट्टीखाली त्याच्या दमाची पट्टी असते, आणि नवखे तिच्याकडे बघतच नाहीत. तो तुमचे वार अडवतोय म्हणून निराश व्हायचं कारण नाही, अडवताना त्याचा दम जातोय. माणूस असेल तर त्याचा दम संपला की तोही तुमच्यासारखाच धापा टाकतो. अशा वेळी जवळ जाऊन त्रिकोण दाबा, विल्यम त्याला धरून जबर घाव घालतो. किनाऱ्यावरच्या सैनिकाला भावाने शेवटी असंच पाडलं. एल-वन धरून त्याचे घाव थोपवले, तो थांबला तेव्हा दोन वार, झान्शिन, पुन्हा अडवलं, पुन्हा दोन. सैनिक धापा टाकायला लागला तसा भाऊ अक्षरशः ओरडला, "पकड!"

तीन पवित्रे

तलवार वर उगारलेली, मध्ये धरलेली, खाली झुकवलेली. जपानी तलवारविद्येत यांना जोदान, चूदान आणि गेदान म्हणतात, आणि गेमने ते जसेच्या तसे घेतले आहेत. आर-वन धरून त्रिकोण म्हणजे वरचा पवित्रा, चौकोन म्हणजे मधला, फुली म्हणजे खालचा. वरच्या पवित्र्यात घाव सर्वांत जड पण दम भराभर जातो. मधल्यात अडवणं सर्वांत भक्कम. खालच्यात वार हलके आणि चपळ, निसटायला दम कमी लागतो.

तिन्ही एकदम शिकायचा प्रयत्न करू नका. पहिला प्रदेश मधल्या पवित्र्यात काढा. समोरचा काय करतो हे कळेपर्यंत अडवणं हाच तुमचा आधार आहे, आणि मधला पवित्रा त्यासाठीच आहे. शत्रू धापा टाकत असेल किंवा पाठमोरा असेल तेव्हा वरचा. चपळ शत्रू भोवती नाचत असेल तेव्हा खालचा. एवढं पुरे.

थोडे रुळलात की कौशल्यांच्या यादीतून 'फ्लक्स' घ्या. झान्शिनच्या क्षणी आर-वनसोबत पवित्रा बदलला तर यामुळे आणखी जास्त दम परत मिळतो. म्हणजे वरून दोन जड घाव, झान्शिनसोबत खालच्या पवित्र्यात, तिथून दोन चपळ वार, झान्शिनसोबत मधल्यात, मग अडवायला तयार. हे जमायला लागलं की निओह खेळताना वाटतं ते दुसऱ्या कुठल्या तलवारबाजीच्या गेममध्ये मला कधी वाटलं नाही. हात थांबतच नाही आणि दमही तुटत नाही.

निसटताना झान्शिन होण्याचंही एक कौशल्य आहे. वार केला आणि नेमक्या क्षणी आर-वनऐवजी फुली दाबून बाजूला झालं तरी दम परत येतो. ते मिळालं की आधी घ्या, कारण घाबरल्यावर बोट आपोआप फुलीवरच जातं.

भुतांशी लढताना

माणसांशी लढून थोडा आत्मविश्वास येतो आणि मग गावात मोठ्या शिंगाचा राक्षस समोर येतो. त्याला योकी म्हणतात. जपानी भुताखेतांना, राक्षसांना, पिशाच्चांना मिळून योकाई हा एक शब्द आहे. योकाईशी लढण्याचे नियम थोडे वेगळे.

योकाई जमिनीवर राखाडी, धुरकट डबकं पसरवतो. त्यात तुम्ही उभे राहिलात की तुमचा दम फार हळू भरतो, आणि त्याचा मात्र चांगला भरतो. उपाय तुमच्याकडे आधीपासून आहे: त्या डबक्यात उभं राहून झान्शिन केलं की डबकं विरून जातं. म्हणून योकाईशी लढताना वार करून पळून जाण्यापेक्षा वार करून झान्शिन करणं जास्त गरजेचं. जो पळतो तो त्याला त्याचं मैदान तयार करून देतो.

योकाईचा दम संपला की तो प्रत्येक घावाला हेलपाटतो. घाव लागत राहिले तर त्याला उलट वार करायला फुरसत मिळत नाही. हीच वेळ वरच्या पवित्र्याची. योकीसारख्यांच्या शिंगावर नेम धरला तर त्यांचा दम आणखी लवकर उतरतो, बाणानेही. धनुष्य लोक थैलीत ठेवून विसरतात. छपरावरचा तिरंदाज, दूरवर पाठ करून उभा असलेला पहारेकरी, झोपलेला योकाई, या सगळ्यांसाठी ते आहे. माणसाच्या डोक्यात बाण बसला तर लढाईची वेळच येत नाही.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: दोन शत्रू दिसले तर एकाला बाणाने किंवा दगडाने आपल्याकडे ओढा. दोघांशी एकाच वेळी लढणं या गेममध्ये दीर्घकाळ अवघडच राहतं, मी शेकडो तासांनंतरही टाळतो. आणि कोपऱ्यावरून वळताना, दारातून आत शिरताना थांबून बघा. ज्यांनी ही मैदानं आखली त्यांनी माणूस जिथे घाई करतो तिथेच कुणीतरी दबा धरून बसवलेला आहे.

शस्त्र कोणतं घ्यावं

पहिल्या भागात मूळची पाच शस्त्रं: एक तलवार, दोन तलवारी, भाला, कुऱ्हाड आणि कुसारिगामा, म्हणजे साखळी लावलेला विळा. नंतरच्या जोडभागांत ओदाची ही अतिलांब तलवार आणि तोन्फा हे हातदांडे आले. सुरुवातीला भाला घ्या असं मी ठामपणे सांगतो. लांबून टोचता येतं, शत्रूच्या टप्प्यात कमी वेळ राहावं लागतं, आणि चूक झाली तर सावरायला जागा असते. दुसरं शस्त्र म्हणून तलवार ठेवा. कुऱ्हाडीचे घाव बघून मोह होईल, पण दम कळण्याआधी कुऱ्हाड हातात घेतली तर दर दुसऱ्या वाराला धापा टाकत उभे राहाल. कुसारिगामा सुंदर आहे, आणि सध्या तुमच्यासाठी नाही.

दोनच शस्त्रं धरून राहण्यामागे कारण आहे. जे वापरता त्याचा हात बसत जातो आणि त्या शस्त्राचे कौशल्यगुण मिळतात. रोज नवं शस्त्र उचललं तर कशातच हात बसत नाही. मात्र त्याच प्रकारात जास्त चांगला भाला सापडला तर जुन्याचा मोह धरू नका. या गेममध्ये मारलेल्या प्रत्येक दुसऱ्या शत्रूकडून काहीतरी पडतं, थैली ओसंडून वाहते, आणि नवा खेळाडू त्या यादीत बुडून जातो. सुरुवातीला यादीत जास्त वेळ घालवू नका. हातातल्यापेक्षा आकडा मोठा असेल तर घाला, नाही तर वाटेत लागणाऱ्या देवळात अर्पण करून टाका. त्याबदल्यात अम्रिता मिळते. लोहारीण तोमे भेटल्यावर शस्त्रं एकमेकांत मिसळून वाढवण्याची सोय होते, पण तिचा खर्च सुरुवातीला परवडत नाही. तो नाद नंतरचा.

चिलखताच्या वजनाकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. पेलवेल तितक्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आत असाल तर चपळता 'ए', ७० च्या आत 'बी', १०० च्या आत 'सी', आणि त्याच्याही वर गेलात तर 'डी'. 'बी'च्या खाली जाऊ नका. चिलखत जड झालं की निसटायला जास्त दम लागतो, म्हणजे पुन्हा आपण पहिल्याच मुद्द्यावर आलो. ६९ आणि ७१ टक्क्यांतला फरक एका शिरस्त्राणाचा असतो. काढून बघा आणि मग धावून बघा.

अम्रिता पुरेशी जमली की देवळात पातळी वाढवता येते, आणि आठ गुणांपैकी एक निवडावा लागतो. बॉडी वाढवली की जीव वाढतो आणि भाल्याचा घावही. हार्ट वाढवलं की दम वाढतो आणि तलवारीचा घावही. भाला आणि तलवार निवडायला सांगितलं त्याचं अर्धं कारण हेच, एकाच खर्चात दोन कामं होतात. थोडी स्टॅमिना वजन पेलायला. मग मॅजिक आणि डेक्स्टेरिटी दोन्ही थोडे थोडे वाढवा, कारण मॅजिकमधून मंत्रतंत्राची आणि डेक्स्टेरिटीतून निंजाविद्येची कौशल्यं उघडतात. मंत्रतंत्रातला 'स्लॉथ' नावाचा ताईत शत्रूला काही क्षण संथ करतो. मोठ्या शत्रूसमोर तो वापरणं म्हणजे फसवणूक नाही, गेमने ते दिलंच आहे वापरायला. पहिल्या वीस पातळ्यांत चुकीचं काही होत नाही, एवढी खात्री बाळगा.

देऊळ, थडगी आणि हिरवी पोरं

देवळात हात जोडले की जीव भरतो, औषधाच्या कुप्या किमान तीन होतात, आणि मारलेले साधे शत्रू परत उभे राहतात. मेलात तर शेवटच्या देवळात परत येता, पण जमवलेली अम्रिता जिथे मेलात तिथेच पडून राहते, आणि तुमचा रक्षक प्राणी, म्हणजे विल्यमच्या पाठीशी असलेला प्राण्याच्या रूपातला आत्मा, तिची राखण करत बसतो. तिथपर्यंत पोचलात तर दोन्ही परत मिळतं. वाटेत पुन्हा मेलात तर आधीची अम्रिता गेली. म्हणून मेल्यावर रागाने धावत सुटू नका, परतीची वाट हीसुद्धा चढाईच आहे. फार दूर, फार अवघड जागी ती पडली असेल तर 'समनर्स कँडल' ही मेणबत्ती वापरा, प्राणी अम्रितेसकट तुमच्याकडे येतो. अशा मेणबत्त्या सापडल्या की जपून ठेवा.

जमिनीत रोवलेल्या तलवारींसारखी लाल थडगी जागोजागी दिसतील. ती दुसऱ्या खेळाडूंची. जवळ गेलं की तो कुठल्या पातळीचा होता आणि कशाने मेला ते वाचता येतं. मी ही थडगी गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी दिलेल्या सल्ल्यासारखी वाचतो. एकाच वळणावर पाच थडगी असतील आणि पाचही 'खाली पडून' मेलेली, तर पुढे जमीन नाही. थडग्याला हात लावून त्या मेलेल्याचं भूत उठवताही येतं, जिंकलात तर त्याच्या अंगावरची शस्त्रं-चिलखतं मिळू शकतात. तुमच्यापेक्षा फार वरच्या पातळीचा असेल तर त्याला झोपू द्या.

आणि कोदामा. डोक्यावर पालथी वाटी घातल्यासारखी दिसणारी छोटी हिरवी पोरं, झाडांचे आत्मे. कुठे माळ्यावर, कुठे खडकामागे, कुठे झाडाच्या बुंध्याशी लपून कुडकुडत बसलेली असतात. वाट चुकली आहेत. सापडली की ती देवळाकडे परत जातात, आणि जितकी जास्त सापडतील तितका देवळाचा प्रसाद वाढतो. देवळात कोदामांचा आशीर्वाद निवडता येतो. औषधं जास्त पडावीत असा आशीर्वाद सुरुवातीला घ्या. गेममध्ये इतकं मरण असताना कुणाला तरी घरी पोचवायचं काम त्यातच ठेवलंय, म्हणून मी एकही कोदामा मागे सोडत नाही. आणि सरळ वाट सोडून त्यांना शोधताना आडवाटा आणि शिड्या सापडतात, ज्यांच्यामुळे देवळापासूनचं अंतर कमी होतं, हा फायदा वेगळाच.

ओन्र्योकी

पहिल्या मोहिमेच्या शेवटी, जहाजाच्या पोटात, ओन्र्योकी उभा असतो. हातातल्या साखळ्यांना बांधलेले लोखंडी गोळे फिरवणारा राक्षस. कितीतरी जण गेम इथेच सोडतात, आणि म्हणून याच्यावर जरा थांबतो.

गोळा येताना मागे पळायची इच्छा होते. मागे पळणं हीच चूक, साखळी लांब आहे आणि पळताना दम जातो. त्याच्या जवळ, जरा बाजूला राहा. गोळा जमिनीवर आदळला की त्याला तो उचलायला वेळ लागतो, तेवढ्यात भाल्याचे दोन वार, झान्शिन, आणि बाजूला. पहिले दोन-तीन प्रयत्न जिंकायला खेळूच नका. एकही वार न करता फक्त निसटत राहा आणि त्याच्या खांद्यांकडे बघा. गोळा कुठून येणार हे खांदा आधी सांगतो. भावाला मी तीन फेऱ्या अशाच खेळायला लावल्या. चौथ्या फेरीत तो म्हणाला, "आता कळलं, हा सुद्धा दमतो."

त्याचा जीव साधारण निम्म्यावर आला की साखळ्या तुटतात आणि तो चवताळतो. आधीपेक्षा वेगवान होतो, गोळे फेकतो, हाताने मारतो. इथे घाबरून सगळी औषधं संपवू नका. खालच्या पवित्र्यात या, एका वेळी एकच वार, आणि जमिनीवर राखाडी डबकं दिसलं की झान्शिन करून पुसा. रक्षक प्राण्याची शक्ती, म्हणजे त्रिकोण आणि गोल एकत्र दाबून जागी होणारं 'लिव्हिंग वेपन', आतापर्यंत राखून ठेवा. ती चालू असताना घाव जीवावर न लागता त्या शक्तीच्या पट्टीवर लागतात. त्याचा पावभर जीव उरला असताना ती काढा आणि मग मोजू नका, मारा.

तो पडल्यावर मोहिमांचा नकाशा उघडतो. लगेच पुढची मोहीम घेऊ नका. नकाशावरून दोजोत जाता येतं, म्हणजे तालमीत. तिथले धडे पार केले की वरच्या पायरीची कौशल्यं उघडतात, आणि ते धडे सोडून देणारे पुढे कुढत बसतात. लहान उपमोहिमाही करा, वाढलेल्या पातळीचा फरक लगेच जाणवतो.

दुसरी मोठी मोहीम गुहेतली. तिच्या शेवटी हिनो-एन्मा भेटते, हवेत उडणारी, रक्त पिणारी पिशाची. तिचा घाव जड नसतो, पण तो लागला की अंग लुळं पडतं, आणि लुळं पडलेल्याला ती जवळ येऊन धरते. हे धरणं एल-वनने अडवता येत नाही, त्यातून निसटायलाच हवं. तिच्या दारात जाण्याआधी अंगाचा लुळेपणा घालवणाऱ्या सुया थैलीत आहेत का ते बघा आणि त्या झटपट वापरायच्या कप्प्यात लावा, औषधाच्या शेजारी. ती उडत असेल तेव्हा तिच्या मागे धावू नका. एल-वन सोडून उभे राहा, दम भरू द्या, आणि ती खाली उतरेपर्यंत थांबा.